सर्व्हरमध्ये रॅम जास्त, पडद्यावर कमी: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, होटगी रोडवरचा दवाखाना असो नाहीतर तालुक्यातला साखर कारखाना, फोनवरचं वाक्य एकच असतं: "रॅम टाकली, पण दिसेना." मग कुणी रॅमची स्टिक काढून पुन्हा बसवतो, कुणी विंडोज नव्याने टाकायला निघतो, कुणी दुकानदाराशी भांडतो. बहुतेक वेळा यातलं काहीच करायची गरज नसते. आधी ताळा करायचा असतो. खालची उत्तरं त्याच क्रमाने वाचा. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करायची.

सुरुवात कुठून करायची? आधी सर्व्हर उघडायचा का?

नाही. आधी कागद-पेन घ्या आणि चार आकडे लिहा. पहिला, आत बसवलेल्या स्टिकच्या लेबलांची बेरीज. दुसरा, सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपला, म्हणजे डेलच्या आयड्रॅकला किंवा एचपीच्या आयएलओला दिसणारा आकडा. तिसरा, सर्व्हर चालू होताना बायोस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम, दाखवतो तो. चौथा, ऑपरेटिंग सिस्टिमचा.

चादरीच्या गाठी कारखान्यातून निघताना मोजतात, ट्रकमध्ये चढताना मोजतात, गोदामात उतरताना पुन्हा मोजतात. शंभराच्या नव्वद झाल्या तर कुठल्या टप्प्यावर झाल्या हे वहीच सांगते. इथेही तसंच. लेबल आणि बायोस यांच्यात फरक पडला तर दोष लोखंडात किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये. बायोसला पूर्ण आणि ऑपरेटिंग सिस्टिमला कमी, तर दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये. तिथे पेचकस हातात घेऊन उपयोग नाही. हा एक फरक न पाहिल्यामुळे माझ्यासमोर लोकांनी चांगले सर्व्हर चार-चारदा उघडले आहेत.

लेबलं वाचायला झाकण काढायची गरजही सहसा नसते. लिनक्सवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन 'डीएमआयडीकोड' ही कमांड १७ नंबरच्या प्रकारासह चालवा, प्रत्येक स्लॉटमध्ये किती जीबीची, कुठल्या कंपनीची, कुठल्या वेगाची स्टिक आहे ते येतं. जो स्लॉट भरलेला असूनही तिथे रिकामा दिसतो, त्याच्यापाशीच तुमचं उत्तर आहे.

६४ जीबी टाकली, लिनक्सला ६२ दिसते. दोन जीबी कुणी खाल्ली?

कुणी नाही. लिनक्स रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडतो, त्यांना पानं म्हणतात, आणि प्रत्येक पानामागे साधारण ६४ बाइटची नोंद ठेवतो. ६४ जीबीमध्ये अशी सुमारे १ कोटी ६७ लाख पानं होतात. म्हणजे नुसती नोंदवहीच १ जीबीची झाली. त्यात लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल स्वतः, बोर्डावरच्या फर्मवेअरने राखलेली जागा आणि कर्नल कोसळला तर माहिती उतरवून घेण्यासाठी ठेवलेला क्रॅशकर्नलचा वाटा. 'फ्री' कमांडमधला एकूणचा रकाना हे सगळं वजा करून उरलेलं दाखवतो.

म्हणून १६ ला १५, ३२ ला ३१, ६४ ला ६२, १२८ ला १२५ आणि २५६ ला २५१ च्या आसपासचे आकडे दिसले तर चहा प्या आणि कामाला लागा. १२८ ला ११२ किंवा ९६ दिसले तर मात्र पुढे वाचा. कमी पडलेला आकडा एका स्टिकच्या आकाराइतका किंवा त्याच्या पटीत असेल, तर जवळपास नक्की एखादी स्टिक गैरहजर आहे.

१ टीबीची हार्डडिस्क ९३१ जीबी दिसते. तसंच हे पण ना?

नाही, आणि हे कारण सांगून परत पाठवणारे तंत्रज्ञ मला अनेकदा भेटले आहेत. डिस्कवाले हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून डिस्क लहान दिसते. रॅम मुळातच १०२४ च्या हिशेबाने बनते. १६ जीबीची स्टिक म्हणजे पूर्ण १७,१७,९८,६९,१८४ बाइट. हजाराच्या हिशेबाने मोजलीत तर ती १६ ची १७ होईल, कमी होणार नाही.

विंडोज सर्व्हरवर "६४ जीबी, पैकी ३२ वापरण्यायोग्य" असं येतं.

आपल्याकडे हे अजून दिसतं, कारण जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर चालतं आणि मालक म्हणतात, "चाललंय ना, मग हात लावू नका." विंडोज सर्व्हर २००८ आर२ च्या स्टँडर्ड आवृत्तीला ३२ जीबीचीच मुभा आहे, फाउंडेशनला ८ जीबी. तुम्ही २०० जीबी टाका, ती ३२ च वापरणार. २०१२ पासून स्टँडर्डची मर्यादा थेट ४ टीबी झाली आणि २०१६ मध्ये २४ टीबी. २०१२ ची इसेन्शियल्स आवृत्ती मात्र ६४ जीबीवर थांबते.

यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, आवृत्ती बदलणं एवढाच मार्ग. तसंही २००८ आर२ चा विस्तारित आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, म्हणजे त्या मशीनवर रॅमपेक्षा मोठी काळजी करायला जागा आहे. नवी रॅम विकत घेण्याआधी आवृत्ती विचारणारा दुकानदार भेटला तर त्याला धरून ठेवा.

आमची आवृत्ती नवी आहे, तरी टास्क मॅनेजरमध्ये "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" खूप दिसतं.

'एमएसकॉन्फिग' उघडा, बूटच्या पानावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. तिथे 'मॅक्झिमम मेमरी' नावाची चौकट आहे. कुणीतरी व्हिडिओ बघून "सर्व्हर फास्ट करायला" तिथे टिकमार्क करून ठेवलेली असते. ती काढा, मशीन पुन्हा चालू करा. जुन्या बोर्डांवर बायोसमधला 'मेमरी रीमॅप' बंद असणं हे दुसरं कारण: ४ जीबीच्या खालची काही पत्त्यांची जागा कार्डांना जाते आणि तिच्यामागची रॅम वर हलवली गेली नाही तर ती वाया जाते. काही शे एमबीपर्यंत राखीव दिसलं तर सोडून द्या.

लिनक्सवर याचा जुळा भाऊ म्हणजे बूटच्या ओळीत राहून गेलेला 'मेम' हा शब्द. 'प्रॉक' फोल्डरमधली 'सीएमडीलाइन' नावाची फाइल वाचा. कुणी चाचणीसाठी मेम बरोबर (=) १६ जी लिहिलं आणि काढायला विसरला, तर कितीही स्टिक टाका, कर्नल १६ च्या पुढे बघणारच नाही.

३२ बिटची ऑपरेटिंग सिस्टिम आहे.

मग ४ जीबी, प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपास. पीएई नावाच्या युक्तीने लिनक्स आणि विंडोजच्या काही सर्व्हर आवृत्त्या ६४ जीबीपर्यंत जात असत. आज त्या वाटेला जाऊ नका, ६४ बिट टाका.

बायोसमध्येच बरोब्बर निम्मी दिसते!

बरोब्बर निम्मी हा शब्द महत्त्वाचा. स्टिक खराब होऊन आकडा इतका नेमका अर्धा होणं विरळा. बायोसमध्ये मेमरीच्या पानावर 'मिररिंग' चालू आहे का बघा. त्यात प्रत्येक नोंद दोन ठिकाणी लिहिली जाते, एक स्टिक मेली तरी सर्व्हर थांबत नाही, पण १२८ ची ६४ होते. 'स्पेअर' नावाचा पर्याय असेल तर निम्म्याहून कमी जागा जाते, कारण प्रत्येक चॅनलमधला, म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या एकेका वाटेवरचा, एक भाग राखीव बसवलेला असतो.

बंद करण्याआधी एकदा विचारून घ्या. एका दवाखान्यात मी उत्साहाने मिररिंग बंद करायला निघालो होतो. तिथल्या अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, आधीच्या माणसाने मुद्दाम केलंय, आयसीयूचं सॉफ्टवेअर यावर आहे. बरोबर होतं त्या माणसाचं. रॅम कमी नव्हती, तिचा विमा काढलेला होता.

बायोसला एक किंवा दोन स्टिक कमी दिसतात. आता उघडायचं?

आता उघडा. पण आधी व्यवस्थापन चिपची नोंदवही वाचून घ्या, ती स्लॉटचं नाव घेऊन तक्रार करते. मग सर्व्हर व्यवस्थित बंद करून दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबल काढा. एकच काढून काम करणारे असतात, दुसऱ्यावर बोर्डाला स्टँडबाय वीज मिळतच राहते. केबल काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. तोच चटका रॅमच्या चिपला बसला तर तुम्हाला कळणारही नाही, महिन्याभराने सर्व्हर रुसेल. मनगटाचा अर्थिंग पट्टा लावा. नसेल तर निदान कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच स्टिक धरा, तीही कडांनी.

पुढचं काम यंत्रमागाच्या शेडशेजारच्या सर्व्हरसाठी. कापसाचा तंतू आपल्याकडे सगळीकडे पोचतो. पंख्यांनी ओढलेली मऊ करडी गादी स्लॉटच्या खाचेत बसते आणि वरून स्टिक दाबली की ती पूर्ण बसल्यासारखी वाटते. बाजूची कुलुपं दोन्ही टोकांना 'टक्' करून बंद झाली पाहिजेत. एका टोकाला टक् आणि दुसऱ्याला मौन म्हणजे स्टिक वाकडी आहे. स्लॉट हवेच्या डब्याने साफ करा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार जातात. सोनेरी पट्ट्या पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड. शाळेच्या खोडरबराने घासायची आपली जुनी सवय आहे, मीही केली आहे आणि चालतंही. पण त्याचा भुसा स्लॉटमध्ये पडतो, मुलामा झिजतो. सर्व्हरला नको.

साफ केलं, नीट बसवलं, तरी तीच स्टिक दिसत नाही. स्टिक गेली का?

अजून नाही ठरवायचं. ती स्टिक चांगल्या चालणाऱ्या स्लॉटमध्ये टाका आणि तिथली चांगली स्टिक या संशयित स्लॉटमध्ये. दोष स्टिकबरोबर फिरला तर स्टिक बदला. दोष स्लॉटपाशीच राहिला तर स्टिक निर्दोष आहे, संशय बोर्डावर किंवा प्रोसेसरवर जातो, कारण आताच्या सर्व्हरमध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटातच असतो. एका वेळी एकच अदलाबदल करा आणि प्रत्येक वेळी लिहा. तीन गोष्टी एकदम बदलून "चालू झालं" म्हणणारा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात असंच झालं. दोन प्रोसेसर, १६ जीबीच्या आठ स्टिक, बेरीज १२८, बायोसला ११२. स्टिक फिरवली, दोष जागेवरच. दोन्ही प्रोसेसर आपसात बदलले, दोष तरीही जागेवरच. मग भिंग घेऊन सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, पाहिलं. या जातीच्या सॉकेटमध्ये टाचण्या प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, आणि त्यात २०११ असतात. त्यातली एक किंचित कलंडली होती. चौकशी केल्यावर कळलं, आठवड्यापूर्वी कुणीतरी थर्मल पेस्ट बदलायला प्रोसेसर उचलला होता. एका टाचणीने एक चॅनल बंद, एका चॅनलची एक स्टिक गैरहजर, १६ जीबी वजा. बोर्ड बदलावा लागला. सुईने टाचणी सरळ करणारे कसबी लोक आहेत, पण ज्या सर्व्हरवर पगार चालतात त्यावर मी तो प्रयोग करत नाही.

त्याचाच धाकटा प्रकार: हीटसिंकचे स्क्रू तिरके किंवा कमी-जास्त आवळलेले. प्रोसेसर एका कडेला नीट टेकत नाही आणि एखादा चॅनल गायब होतो. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या क्रमाने आवळून पाहा, फुकटचा उपाय आहे.

स्लॉट २४ आहेत, आम्ही १६ भरले, ८ चालतात.

प्रोसेसर किती आहेत? एकच असेल तर उत्तर मिळालं. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर अर्धे स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरचे असतात. डेलच्या सर्व्हरवर ए नावाचे पहिल्याचे, बी नावाचे दुसऱ्याचे. दुसरा सॉकेट रिकामा असेल तर बी चे स्लॉट शोभेचे. दोन्ही प्रोसेसर असतील तर लिनक्सवर 'नुमासीटीएल' ही कमांड हार्डवेअरच्या पर्यायासह चालवा, कुठल्या प्रोसेसरच्या वाट्याला किती रॅम आली ते दिसेल. स्टिक भरायचा क्रमही असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला असतो, तो न वाचता डावीकडून उजवीकडे भरत जाणं ही चूक सगळ्यांनी एकदा केलेली असते.

जुन्या आणि नव्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालतील?

कंपनी वेगळी, वेग वेगळा, हे सहसा चालतं. सगळ्या स्टिक सर्वांत हळू असलेल्या स्टिकच्या वेगाने धावतात, आकडा कमी होत नाही. जात वेगळी असेल तर चालत नाही. लेबलवर आर लिहिलेली रजिस्टर्ड, एल लिहिलेली लोड-रिड्यूस्ड आणि साधी अनबफर्ड, या एकमेकींत मिसळत नाहीत. बहुतेक सर्व्हर अशा वेळी चालूच होत नाहीत, ते बरं. रॅमच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पिढ्यांना २८८ पट्ट्या असतात म्हणून जोर लावून बसवू नका, खाच वेगळ्या जागी आहे.

जुन्या डीडीआर३ सर्व्हरवर एक छुपी अडचण असते. एका चॅनलवर साधारण ८ रँकच, म्हणजे स्टिकवरच्या एकत्र काम करणाऱ्या चिपचे ८ गटच, पेलतात. चार रँकच्या स्टिक एका चॅनलवर तीन टाकल्या तर बारा होतात, मग तिसरी अमान्य. लेबलवर ४आर वाचलंत की सावध व्हा.

काल पूर्ण दिसत होती. आज वीज येऊन-जाऊन झाल्यावर कमी झाली.

सर्व्हर चालू होताना प्रत्येक स्टिकची परीक्षा घेतो. त्यात नापास झालेली स्टिक तो बाजूला ठेवतो आणि उरलेल्यांवर पुढे जातो. म्हणजे दोष आज झाला असं नाही, महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या सर्व्हरची परीक्षाच आज झाली. नोंदवहीत आधीच्या तारखांना 'करेक्टेबल ईसीसी', म्हणजे रॅममधली चूक सापडून दुरुस्त झाल्याच्या, अशा ओळी सापडतात का बघा, बहुतेक सापडतात. काही बोर्ड स्टिक बदलल्यावरही तो स्लॉट बंदच ठेवतात. बायोसमध्ये जाऊन तो पुन्हा चालू करावा लागतो. बायोसची नवी आवृत्ती टाकल्याने परीक्षेतली खोट सुधारल्याचंही पाहिलं आहे.

४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला तर रॅमचा वेग आपोआप उतरतो आणि चुका वाढतात. पण निव्वळ उष्णतेने ६४ ची ४८ होत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये कमी दिसते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं पाहुणं मशीन. त्याला जेवढी वाढली तेवढीच ताटात दिसणार. हायपर-व्हीमध्ये डायनॅमिक मेमरी चालू असेल तर पाहुण्या मशीनला सुरुवातीला कमी दिसते आणि गरज वाढेल तसा आकडा वाढतो. व्हीएमवेअरमध्ये उलट, एकूण आकडा तसाच राहतो आणि फुगा फुगल्यासारखी वापरलेली रॅम वाढत जाते. कंटेनरमध्ये, म्हणजे यजमान मशीनचाच कर्नल वापरणाऱ्या बंदिस्त कप्प्यात, 'फ्री' पूर्ण यजमान मशीनचा आकडा दाखवते, तिथे जास्त दिसण्याचा घोळ होतो.

एकूण बरोबर आहे, पण शिल्लक काहीच नाही. किंवा शिल्लक भरपूर, तरी सॉफ्टवेअर हळू.

पहिल्यासाठी 'फ्री'च्या शेवटच्या 'अव्हेलेबल' रकान्याकडे बघा. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या साठ्याला वापरतो आणि कुणी मागितली की सोडतो. शिल्लक शून्याजवळ आणि अव्हेलेबल ४० जीबी, हे निरोगी मशीन आहे.

दुसऱ्याचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा डेटाबेसची फुकट आवृत्ती असते. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, २०१६ ते २०२२, आपल्या मुख्य साठ्यासाठी १४१० एमबीच्या वर जात नाही. १२८ जीबीचा सर्व्हर घेऊन त्यावर एक्सप्रेस चालवणं म्हणजे रोज एक गाठ न्यायला दहा चाकांचा ट्रक ठेवणं. तसंच ३२ बिटचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर विंडोजवर साधारणपणे २ जीबीतच जगतं.

आमचा "सर्व्हर" असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. चालेल का हे सगळं?

बरंचसं चालेल. त्यात आणखी एक कारण जमा करा: प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा उचलतं. बायोसमध्ये तो कमी करता येतो. खऱ्या सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपला स्वतःची छोटी मेमरी असते, ती तुमच्या रॅमला हात लावत नाही.

फोन करायच्या आधी काय तयार ठेवू?

वर सांगितलेले चार आकडे. सर्व्हरचं मॉडेल आणि प्रोसेसर किती. प्रत्येक स्टिकच्या लेबलचा फोटो, स्लॉटच्या नावासकट. नोंदवहीचा शेवटचा महिना. आणि गेल्या दोन आठवड्यांत कुणी काय केलं, अगदी नुसती धूळ झाडली असली तरी. एवढं दुपारी चारच्या आत हाती आलं तर पुण्यातून स्टिक संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने माणसाबरोबर निघते आणि रात्री उशिरा स्टेशनवर मिळते. अर्धीच माहिती आली तर दुसऱ्या जातीची स्टिक येते, आणि मग ती सकाळी त्याच गाडीने परत पाठवायची.